कायप्रो-२ मधली रॉम मूळची की बदललेली, हे कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॅलिफोर्नियात जुन्या सामानाच्या बाजारात तुम्हाला कायप्रो-२ हा जुना संगणक मिळाला. तो चालू होतो, पण पडद्यावर नेहमीचा संदेश न येता वेगळीच ओळ येते. झाकण काढून पाहिलं तर यू-४७ या जागेवरच्या चिपवर मास्किंग टेपचा तुकडा आहे, त्यावर बॉलपेनने ‘४-डी ५/८४’ लिहिलंय, आणि सॉकेटच्या एका पायापासून बारीक पिवळी तार निघालीय. ही रॉम, म्हणजे यंत्राचा कायमचा मजकूर साठवणारी चिप, मूळची आहे का, आणि नसेल तर मूळची बसवून घ्यावी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घाई तिथेच होते. मूळची बसवायची घाई करू नका. तुमच्याकडे जे आहे ते कुणीतरी विचार करून, हाताने केलेलं काम आहे आणि त्याची प्रत जगात दुसरीकडे असेलच असं नाही. कारखान्यातून निघालेल्या रॉमच्या प्रती सहज मिळतात. कुणा अनामिक माणसाने आपल्या टेबलावर भाजलेली, म्हणजे मजकूर लिहिलेली, रॉम पुसली गेली की संपली. म्हणून आधी ओळख पटवायची, मग आतला मजकूर काढून जपून ठेवायचा, आणि बदलायचं की नाही ते त्यानंतर ठरवायचं.

यंत्राची थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढचं समजेल. कायप्रो-२ हा १९८२ चा. कॅलिफोर्नियातल्या सोलाना बीचच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स या अँड्र्यू के यांच्या कंपनीने काढलेला. पत्र्याची पेटी, वजन जवळपास १२ किलो, ९ इंची हिरवा पडदा, २.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, ६४ के रॅम, एका बाजूने लिहिणारे दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि सीपी/एम २.२ ही ऑपरेटिंग सिस्टिम. मूळ किंमत १७९५ डॉलर. बोर्डावर आपल्या कामाच्या रॉम दोनच: यू-४७ वर यंत्र सुरू करणारी सिस्टिम रॉम आणि यू-४३ वर अक्षरांचे आकार साठवलेली कॅरेक्टर रॉम. कारखान्याच्या भागांचे क्रमांक ‘८१-’ ने सुरू होतात. सुरुवातीच्या कायप्रो-२ मधली सिस्टिम रॉम ८१-१४९, नंतरची ८१-२३२, आणि कॅरेक्टर रॉम ८१-१४६. ८१-१४९ असेल तर चालू केल्यावर तारकांच्या मधे ‘कायप्रो टू’ आणि खाली ‘प्लीज प्लेस युअर डिस्केट इंटू ड्राइव्ह ए’ असं दिसतं. तुमच्याकडे ते दिसत नाही, म्हणजे ती ८१-१४९ जशीच्या तशी नाही एवढं नक्की. मात्र संदेश जुळला असता तरी रॉम मूळची आहे असं सिद्ध झालं नसतं. बदल करणारे बहुतेक जण संदेशाला हातही लावत नाहीत.

आता तपासणी. वीज बंद, वायर भिंतीतून काढलेली, आणि पिक्चर ट्यूबच्या मागच्या जाड लाल वायरीपासून हात लांब. बंद केल्यावरही तिथे हजारो व्होल्ट टिकून राहतात.

टेप काढू नका. तिच्याखाली काचेची खिडकी असणार, आणि त्या खिडकीतून अतिनील प्रकाश आत गेला की चिप पुसली जाते. इंटेलच्या कागदपत्रांत दिलेला हिशेब असा की थेट उन्हात साधारण आठवडा आणि ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षं पुरतात. मास्किंग टेप कागदाची असते, म्हणजे ती उजेड पूर्ण अडवत नाही. फोटो काढा आणि त्या टेपवरच काळी किंवा ॲल्युमिनियमची दुसरी पट्टी लावा. मधे पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, म्हणजे खालचं हस्ताक्षर शाबूत राहील. ते हस्ताक्षरही पुराव्याचाच भाग आहे.

टेपच्या कडेला चिपवर छापलेलं जे काही दिसतं ते वाचा. तिथे बहुधा चार आकडी तारीख असते: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. आजूबाजूच्या दहा-बारा चिपांच्या तारखा लिहून काढा. कारखान्यात एकत्र बसवलेल्या चिपांच्या तारखा काही महिन्यांच्या आतबाहेर असतात. सगळा बोर्ड १९८२ च्या शेवटचा आणि यू-४७ वरची चिप १९८४ ची निघाली, तर ती नंतर बसवली यात शंका उरत नाही. उलट बाजूने मात्र हे लागू पडत नाही. जुनी चिप पुसून पुन्हा भाजता येते, त्यामुळे तारीख जुळली म्हणून मजकूरही मूळचा असं म्हणता येणार नाही.

आता त्या पिवळ्या तारेकडे येऊ. मला सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट तीच वाटते. तुम्ही पाय मोजून सांगितला नाहीत, पण मी पैज लावतो की ती २१ नंबरच्या पायापासून निघाली असेल. कारण सांगतो. २७१६ ही २ के ची ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा भाजता येणारी रॉम) आणि २७३२ ही ४ के ची. दोन्ही २४ पायांच्या, दिसायला सारख्या, आणि जवळजवळ सगळे पाय एकसारखे. फरक २१ व्या पायात. २७१६ मध्ये हा पाय भाजण्याच्या व्होल्टेजसाठी असतो आणि नुसतं वाचताना तो ५ व्होल्टला बांधून ठेवायचा असतो. २७३२ मध्ये तोच पाय ए-११ म्हणजे पत्त्याची (मेमरीतल्या जागेच्या क्रमांकाची) बारावी रेघ होतो, कारण दुप्पट जागा शोधायला एक रेघ जास्त लागते. म्हणून २७१६ साठी आखलेल्या जागी २७३२ बसवणाऱ्याला २१ व्या पायाचा ५ व्होल्टशी संबंध तोडून तो पत्त्याच्या रेघेला जोडावा लागतो. सॉकेटमधून वर उचललेला पाय, बोर्डावर ब्लेडने कापलेला ट्रॅक आणि एक बारीक तार, या तिन्ही खुणा त्याच कामाच्या.

मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि सॉकेटच्या २१ आणि २४ या पायांना टोकं लावा. २४ म्हणजे ५ व्होल्ट. बीप आला तर जोडणी २७१६ ची आहे. आला नाही तर एक टोक २१ वर ठेवून दुसरं झेड-८० च्या पहिल्या पायाला लावा, तोच त्याचा ए-११. मधे बफर (सिग्नल पुढे पोचवणारी चिप) असेल तर इथे बीप येणार नाही. मग तारेचा माग डोळ्यांनी काढावा लागेल, आणि त्यासाठी दहा पटींचं भिंग हवंच.

इथे एक अनुभव सांगतो, कारण याच जागी मी एकदा दोन दिवस घालवलेत. एका यंत्रातली २७३२ मी वाचक यंत्रात लावली. खालचे २ के सगळे एफएफ म्हणजे कोरे, आणि वरच्या २ के मध्ये व्यवस्थित प्रोग्राम. मला वाटलं चिप अर्धी मेली. ती धडधाकट होती. ज्याने ती भाजली त्याच्याकडे २७१६ नसावी, म्हणून त्याने २७३२ घेतली आणि बोर्डाला हात न लावता बसवली. त्या सॉकेटात २१ वा पाय कायम ५ व्होल्टला, म्हणजे ए-११ कायम १, म्हणजे यंत्राला चिपचा फक्त वरचा अर्धा भाग दिसणार. त्याने मजकूर मुद्दाम वरच भाजला होता. तेव्हापासून बोर्डाची जोडणी पाहिल्याशिवाय मी कुठल्याही रॉमच्या मजकुराचा अर्थ लावायला बसत नाही.

आता मजकूर काढणं. चिप उपसून प्रोग्रामरमध्ये, म्हणजे चिप वाचणाऱ्या-भाजणाऱ्या यंत्रात, लावायची की यंत्रातच ठेवून वाचायची? यंत्र चालू होतंय, तर आधी यंत्रातच वाचा. चाळीस वर्षांच्या सॉकेटातून चिप काढताना पाय तुटतात, आणि ज्या पायाला तार डकवलीय तो तर नक्कीच.

पण यंत्रातून वाचण्यात एक गाठ आहे. सीपी/एम चालू असताना शून्य पत्त्यावर रॉम नसते, रॅम असते. रॉम आणि पडद्याची मेमरी वेगळ्या बँकेत (मेमरीच्या वेगळ्या गटात) असतात आणि तीच बँक खालच्या १६ के वर आणली जाते: रॉम ०००० पासून, पडदा ३००० ते ३एफएफएफ. ही अदलाबदल १सी हेक्स (हेक्स म्हणजे सोळाच्या पद्धतीतला आकडा) या पोर्टच्या सातव्या बिटाने होते. १ केलं की रॉम दिसते, ० केलं की रॅम. सीपी/एमचा कुठलाही नेहमीचा प्रोग्राम १०० हेक्सवर चढतो, म्हणजे त्याने बँक बदलली की तो स्वतःच नाहीसा होतो आणि यंत्र गोठतं. म्हणून वाचणारा तुकडा ४००० हेक्सच्या वर ठेवायचा.

डीडीटी हा सीपी/एमबरोबर येणारा तपासणीचा प्रोग्राम सुरू करा. त्याचा असेंब्लर फक्त ८०८० च्या सूचना ओळखतो, झेड-८० च्या नाही, म्हणून एस आज्ञेने ७००० पासून थेट बाइट भरा:

एफ३, डीबी १सी, सीबी एफएफ, डी३ १सी, २१ ०० ००, ११ ०० ८०, ०१ ०० १०, ईडी बी०, डीबी १सी, सीबी बीएफ, डी३ १सी, एफबी, एफएफ.

हा तुकडा इंटरप्ट बंद करतो, पोर्ट वाचून त्याचा फक्त सातवा बिट १ करतो, शून्यापासून ४ के उचलून ८००० वर ठेवतो, बिट पुन्हा खाली आणतो आणि डीडीटीकडे परततो. पोर्टमध्ये थेट ८० लिहू नका. त्याच पोर्टवर ड्राइव्हची निवड आणि मोटरही आहे, त्यामुळे बाकीचे बिट होते तसेच ठेवायचे. जी७००० देऊन चालवा. परत आल्यावर एम८०००,८एफएफएफ,१०० ने प्रत १०० वर आणा, जी० ने बाहेर पडा आणि लगेच सेव्ह १६ आणि फाइलचं नाव. १६ पानं गुणिले २५६ म्हणजे ४ के. हेच तीनदा करा, तीन वेगळ्या फाइली ठेवा आणि सिरियल पोर्टवरून आजच्या संगणकावर आणा. तिन्ही तंतोतंत सारख्या हव्यात. फाइलचे दोन्ही अर्धे एकमेकांची नक्कल निघाले, तर २ के चाच मजकूर दोनदा दिसतोय असं समजा. वेगळे निघाले, तर ४ के ची रॉम असणार आणि पिवळ्या तारेचा अर्थही तिथेच लागला.

चिप काढूनच वाचायची वेळ आली तर दोन गोष्टी. नुसतं वाचायला ५ व्होल्ट पुरतात. भाजायला मात्र २७१६ ला २५ व्होल्ट लागतात आणि आजचे स्वस्त प्रोग्रामर तेवढे देत नाहीत, त्यामुळे प्रत भाजायचा बेत असेल तर आधी ते तपासा. आणि चिपवर टीएमएस-२७१६ असं छापलेलं असेल तर थांबा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही चिप वेगळी, तिला तीन व्होल्टेज लागतात आणि पायही वेगळे. इंटेलच्या २७१६ सारखी त्यांची चिप टीएमएस-२५१६ या नावाने येते.

आता तुलना, आणि ओळख पटते ती इथेच. तुमची फाइल आणि मूळ रॉमची प्रत शेजारी ठेवून कुठला बाइट कुठे वेगळा आहे याची यादी करा. नुसते ‘वेगळे आहेत’ यावर थांबू नका. बिट कुठल्या दिशेने बदललाय ते पाहा.

कोऱ्या ईप्रॉममधला प्रत्येक बिट १ असतो. भाजणं म्हणजे हवे तिथे ० करणं. वर्षं जातात तसा साठवलेला विद्युतभार झिरपतो आणि ० चा पुन्हा १ होतो. तेव्हा फरक सगळे ० चे १ झालेले, विखुरलेले आणि अर्थहीन ठिकाणी असतील, तर ती म्हातारपणाची झीज आहे, कुणाचा बदल नव्हे. अशी चिप पुन्हा वाचताना व्होल्टेज ५ वरून ४.५ च्या आसपास उतरवून पाहा. झिजलेले बिट कमी व्होल्टेजला पुष्कळदा खरे वाचले जातात.

फरक सगळे १ चे ० झालेले असतील तर गंमत वेगळी. याचा अर्थ चिप न पुसता तिच्यावरच पुन्हा भाजलंय. अतिनील दिवा नसलेल्या माणसाची ही युक्ती. झेड-८० मध्ये ०० ही ‘काही करू नकोस’ अशी सूचना आहे, म्हणून नको असलेली कुठलीही सूचना सगळे बिट ० करून पुसून टाकता येते. ओळीने तीन बाइट ०० दिसले आणि मूळ रॉममध्ये त्या जागी एखाद्या उपप्रोग्रामला केलेली हाक असेल, तर कुणीतरी ती हाक बंद केलीय. कारखान्याची चिप, कारखान्याची तारीख, कारखान्याचं लेबल, आणि आत तीन शून्यं. बाहेरून पाहून हे कुणालाही कळलं नसतं.

दोन्ही दिशांचे फरक मिसळलेले असतील तर चिप नव्याने भाजली. तेव्हा आकृतिबंध पाहा. कायप्रोच्या रॉमची सुरुवात उड्यांच्या तक्त्याने होते: दर तीन बाइटांनी सी३ (म्हणजे ‘उडी मार’) आणि पुढे पत्ता. डिस्कवरचा बायॉस (सीपी/एमचा यंत्राशी बोलणारा भाग) याच ठरलेल्या जागांवरून रॉमला हाका मारतो, म्हणून बदल करणाराही तक्त्याच्या जागा हलवत नाही, फार तर एखादी उडी दुसरीकडे वळवतो. मधेच तीन बाइट बदललेले आणि मूळ रॉममध्ये शेवटी कोरी असलेली जागा आता भरलेली, असं दिसलं की ती वळवलेली उडी आणि तिचं नवं ठिकाण सापडलं.

एकच बाइट बदललेला असेल तर आधी फ्लॉपीच्या सूचना तपासा. कायप्रोत १७९३ हा फ्लॉपी नियंत्रक आहे. त्याच्या सीक सूचनेचे शेवटचे दोन बिट हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ घेईल ते ठरवतात, आणि या आकाराच्या ड्राइव्हला ६, १२, २० किंवा ३० मिलिसेकंद असे चार पर्याय असतात. १८ च्या जागी १बी दिसलं तर त्या माणसाला ड्राइव्ह सावकाश चालवायचा होता, बहुधा जुना, कुरकुरणारा ड्राइव्ह जोडल्यामुळे.

मजकुरातले वाचता येणारे शब्दही शोधा: नाव, आद्याक्षरं, आवृत्ती. त्या काळात कायप्रोसाठी विकत मिळणाऱ्या रॉमही होत्या. ओरेगॉनमधल्या बेंड गावच्या मायक्रो कॉर्नुकोपिया या मासिकवाल्यांची प्रो-८, ॲडव्हेंटची टर्बो रॉम, मायक्रोकोड कन्सल्टिंगची केप्लस. यातलं नाव मजकुरात निघालं तर अर्धं काम झालं. वेग वाढवलेल्या यंत्रांत आणखी एक प्रकार दिसतो. ५ मेगाहर्ट्झवर नेलेल्या झेड-८० ला ४५० नॅनोसेकंदांची जुनी चिप पुरत नाही, म्हणून जलद चिप बसवतात आणि आत मूळचाच मजकूर भाजतात. म्हणजे चिप बदललेली पण मजकूर मूळचा. तुमच्या यंत्राचा वेग ठरवणारा क्रिस्टल आणि झेड-८० वरचं वेगाचा दर्जा सांगणारं अक्षर पाहून ठेवा.

कॅरेक्टर रॉमबद्दल दोनच गोष्टी. ती झेड-८० ला दिसत नाही, त्यामुळे काढूनच वाचावी लागते, आणि त्याआधी सगळी अक्षरं पडद्यावर छापून फोटो काढला तर आकार कुणी बदललेत का ते तसंही कळतं.

आता तुमच्या चिपबद्दल. ‘४-डी’ म्हणजे चार ड्राइव्ह असा माझा अंदाज, आणि ‘५/८४’ भाजल्याचा महिना. मूळ बोर्डात ड्राइव्ह निवडायला दोन बिट आहेत, एका ड्राइव्हला एक. त्या दोन बिटांतून चार ड्राइव्ह निवडायचे तर मधे डीकोडर (दोन बिटांतून चार वेगळ्या ओळी काढणारी चिप) बसवावा लागतो. तेव्हा ड्राइव्हची पट्टी बोर्डाला जिथे लागते तिथे पाहा. एखादी छोटी वेगळी पाटी किंवा एका चिपच्या पाठीवर डकवलेली दुसरी चिप सापडली, तर अंदाज खरा. मागच्या पत्र्याला जास्तीची पट्टी बाहेर काढायला चीर पाडलेली असू शकते, तीही बघा.

आणि ज्या पेटीत हे यंत्र मिळालं त्यातल्या फ्लॉप्या कुठे आहेत? चार ड्राइव्हची रॉम असेल तर तिच्याबरोबर चालणारा बायॉस फक्त त्या फ्लॉप्यांच्या पहिल्या ट्रॅकांवर असणार. मूळ रॉम बसवलीत तर त्या फ्लॉप्या कदाचित सुरूच होणार नाहीत, आणि फ्लॉप्या हरवल्यात तर ही रॉम अर्धीच उरेल. विकणाऱ्याचा नंबर ठेवला असेल तर आजच फोन करून विचारा. नावं नसलेल्या, हाताने लिहिलेल्या लेबलांच्या ज्या असतील त्या आधी मागा.